न सुटलेल्या बॉम्बचा नेम

हिंडलग्यात कुठल्याही गल्लीत शिरा, पेन्शनीत आलेला एखादा फौजी भेटतोच. बेळगावच्या कॅम्पात १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्याचा हा गुण. आमच्या शेजारी असेच एक सुभेदार आहेत. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणते, मीही म्हणतो. नेमबाजीचा पहिला धडा मला त्यांनी दिला, आणि तो बंदुकीशिवाय दिला. वेळूची काठी माझ्या खांद्याला टेकवली, तिच्या पुढच्या टोकावर दहा पैशांचं नाणं ठेवलं आणि म्हणाले, "आता घोडा दाब. नाणं पडता कामा नये."

काठीला घोडा कुठला, असं मी विचारलं.

"हाय म्हणून समज की गा."

मी बोट दुमडलं. नाणं शेणसड्यावर पडलं. त्यांनी उचलून परत ठेवलं. परत पडलं. दुपारभर हेच चाललं होतं.

पुढे कळलं की ही गंमत नव्हती. पलटणीत रंगरुटाच्या हाती जिवंत काडतूस देण्याआधी असा कोरडा सराव दिवसच्या दिवस चालतो. रायफल रिकामी असते. जोडीदार नळीवर नाणं ठेवतो, रंगरूट नेम धरून घोडा दाबतो. नाणं पडलं, तर खरी गोळीही गेली असती भलतीकडे. फौजेच्या बोलीत नेम धरण्याला 'शिस्त घेणं' म्हणतात. मराठीत शिस्त म्हणजे वळण, नेटकेपणा. फौजेत त्याच शब्दाचा अर्थ नेम. दोन्ही अर्थ एकाच शब्दात कसे नांदतात, ते त्या नाण्यानं मला शिकवलं.

रायफल हातातली, माणूस जमिनीवर आडवा, समोरचं निशाण जागचं हलत नाही. तरी नाणं पडतं. मग जो माणूस सेकंदाला दोनशे मीटर वेगानं जमिनीकडे झेपावतो आहे आणि ज्याला खालचा एक पूल किंवा एक खोली टिपायची आहे, त्याचा कोरडा सराव कसा होत असेल? बॉम्ब न टाकता बॉम्ब टाकायला शिकवायचं, तेही हवेत, विमान चालवता चालवता. हा प्रश्न जगभरच्या हवाईदलांनी गेली शंभरएक वर्षं सोडवत आणला आहे, आणि त्याची उत्तरं मोठी मजेदार आहेत.

आधी मुळात अवघड काय आहे ते पाहू. सकाळी टिळकवाडीत सायकलवरून पेपर टाकणारा पोऱ्या बघा. तो फाटकासमोर आल्यावर घडी सोडत नाही, चार पावलं आधीच सोडतो. सायकलचा वेग घडीला मिळालेला असतो, ती हवेत पुढे सरकत जाते आणि बरोबर पायरीवर पडते. उशिरा सोडली तर 'तरुण भारत' शेजाऱ्याच्या ओट्यावर. विमानातून टाकलेला बॉम्ब म्हणजे हीच घडी, फक्त चार पावलांच्या जागी दोन किलोमीटर.

हिशेब सोपा आहे. विमान जमिनीपासून ५०० मीटरवर सरळ चाललं आहे, वेग ताशी ७२० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २०० मीटर. या वेगानं हिंडलग्याहून सांबऱ्याची धावपट्टी सव्वा मिनिटाच्या अंतरावर येते. ५०० मीटर खाली पडायला बॉम्बला सुमारे दहा सेकंद लागतात. हवेचा अडथळा सोडून दिला, तर तेवढ्या वेळात तो २ किलोमीटर पुढे जातो. म्हणजे वैमानिकानं बटण दाबायचं ते लक्ष्य दोन किलोमीटर लांब असताना. एक सेकंद उशीर झाला, तर बॉम्ब २०० मीटर पलीकडे. अर्ध्या सेकंदाच्या गफलतीत मैदानाऐवजी वस्ती येऊ शकते.

आणखी एक बारकावा पेपरवाल्याला नसतो. विमानानं वेग आणि दिशा बदलली नाही, तर बॉम्ब फुटतो तेव्हा विमान बरोबर त्याच्या डोक्यावर असतं, कारण दोघं एकाच वेगानं पुढे चाललेले. खालून उडणारे तुकडे टाकणाऱ्यालाच गाठू शकतात. त्यामुळे बटण दाबल्याबरोबर वळून निघायचं हाही नेमाचाच भाग. शिवाय वारा असतो. विमानाचं नाक एकीकडे आणि जमिनीवरची वाट दुसरीकडे, नदी ओलांडणाऱ्या होडीसारखी. नाकाच्या रोखानं नेम धरणारा हमखास चुकतो.

हे सगळं आपल्या अंगणात एकदा खरोखर घडून गेलं आहे. सांबऱ्याची धावपट्टी ब्रिटिशांनी १९४२ मध्ये बांधली. आज तिथं प्रवासी विमानं उतरतात, आणि शेजारच्या तळावर हवाईदलात नव्यानं भरती झालेल्या पोरांना पहिले धडे मिळतात. डिसेंबर १९६१ मध्ये मात्र तिथं लढाऊ विमानं उभी होती. गोवा मुक्तीच्या मोहिमेत १८ डिसेंबरच्या सकाळी १७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या सहा हंटर विमानांनी बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर रॉकेटं आणि तोफांनी हल्ला केला. ती इथूनच उडाली होती. सांबऱ्याहून बांबोळी सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. आपण चोर्ला घाट उतरून जायला जो वेळ घेतो, त्यात हंटर दहा वेळा जाऊन येईल.

त्याच दिवशी पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड, म्हणजे साडेअठ्ठावीस टन बॉम्ब टाकले. त्यांना हुकूम होता की धावपट्टी मोडा, पण विमानतळाच्या इमारतीला धक्का लावू नका. इमारत वाचली. धावपट्टीवर खड्डे पडले. पाठोपाठ आठ कॅनबेरांचा दुसरा हल्ला झाला. आणि तरीही रात्री पोर्तुगीजांनी पट्टीचा काही भाग घाईनं सारखा करून दोन मोठी विमानं उडवली, त्यांतून आपली कुटुंबं बाहेर काढली. दिवसभर बॉम्ब झेललेली पट्टी रात्री विमान सोडते, यावरून बॉम्बचा भार आणि बॉम्बचा नेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत एवढं ध्यानात यावं.

मोहिमेतली दुसरी नोंद त्याहून बोचरी आहे. जमिनीवरच्या सैन्याला मदत करायला नेमलेल्या व्हॅम्पायर विमानांपैकी दोघांनी आपल्याच शीख लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनच्या जागांवर रॉकेटं सोडली. दोन जवान जखमी झाले. वरून पाहणाऱ्याला माणसं मुंगीएवढी दिसतात. गणवेशाचा रंग कळत नाही. नेम धरण्याआधी कशावर धरतो आहोत ते ओळखणं, ही या विद्येतली सर्वांत अवघड पायरी, आणि ती जमिनीवरच्या फळ्यापुढे बसून येत नाही. त्यासाठी वरच जावं लागतं.

कोरड्या सरावाच्या आजवरच्या युक्त्यांत मला सगळ्यांत आवडलेली युक्ती सर्वांत जुनी आहे. तिला ना संगणक लागतो, ना वीज. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी ती वापरात आणली आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत ती टिकली.

माळावर एक अंधारी खोली बांधायची. छपराला मधोमध भोक पाडून त्यात भिंग बसवायचं. खाली टेबलावर पांढरा कागद. बाहेरचं आभाळ त्या भिंगातून कागदावर उतरतं. वाड्याच्या बंद दाराच्या फटीतून रस्त्यावरच्या माणसांच्या उलट्या सावल्या भिंतीवर सरकताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. वर विमान आलं की कागदावर त्याचा इवलासा ठिपका चालू लागतो. खोलीतला शिकाऊ माणूस पेन्सिल घेऊन बसलेला. शेजारी सेकंदाचे ठोके देणारं यंत्र. प्रत्येक ठोक्याला त्यानं ठिपक्याच्या जागी खूण करायची. टक, खूण. टक, खूण. कागदावर मुंग्यांची रांग उमटत जाते.

विमानातल्या माणसाचं लक्ष्य म्हणजे ही खोलीच. बॉम्ब सोडण्याची वेळ झाली असं त्याला वाटलं, की तो बॉम्बऐवजी उजेडाचा झोत टाकतो किंवा बिनतारी खूण करतो. त्या क्षणीच्या ठिपक्याला खालचा माणूस वर्तुळ करतो. आता सगळा जमाखर्च कागदावर. दोन खुणांमधल्या अंतरावरून जमिनीवरचा खरा वेग कळला. रांगेच्या दिशेवरून वाऱ्यानं विमान किती ओढलं ते कळलं. उंची ठाऊक होती, त्यावरून पडायला लागणारे सेकंद निघाले. वर्तुळापासून तेवढे सेकंद पुढे मोजत गेलं की न टाकलेला बॉम्ब कुठं पडला असता तो बिंदू मिळतो. कागदाच्या मध्यापासून तो जितका दूर, तितका नेम चुकला. एका बाजूला लाकडाचं आणि कापडाचं विमान, दुसऱ्या बाजूला पेन्सिल, मधे शाळेतलं त्रैराशिक. एवढ्या भांडवलावर माणसं दिवसभर बॉम्ब टाकत आणि जमिनीवरचं गवतसुद्धा हलत नसे.

त्याच सुमारास विमानातल्या मशीनगनच्या सरावासाठी बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा निघाला. इंग्लंडमधल्या हाइद गावच्या हवाई गोळीबार शाळेवरून त्याला हाइद कॅमेरा म्हणत. वजन, घोडा, पकड सगळं लुइस गनसारखं, पण घोडा ओढला की गोळीऐवजी फोटो. फोटोवर रेघांची जाळी छापून येई, त्यावरून नेम किती हुकला ते मोजायचं. मुंबईचा श्रीकृष्ण वेलिणकर ब्रिटिश उड्डाणदलात दाखल होऊन १९१८ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. त्याच्या पिढीचे वैमानिक याच तऱ्हेच्या साधनांवर तयार झाले. दुसऱ्या महायुद्धात हा कॅमेरा पंखात गेला, छायाचित्राची चित्रफीत झाली. हंटरसारख्या जेट विमानांतही तो होता. लढाईत तो पुरावा देई. सरावात तोफेचं बटण बंद ठेवून एकटा कॅमेरा चालवता येई, म्हणजे वैमानिक गोळी न झाडता घरी नेम घेऊन येई. दुसऱ्या महायुद्धातच ब्रिटिशांनी आपल्याच शहरांमध्ये डोळ्याला न दिसणारे अवरक्त दिवे लावले. बॉम्बफेकी विमानं रात्री त्यांवर लटके हल्ले करत आणि कॅमेऱ्यात दिव्याचा ठिपका पकडून परतत. खाली झोपलेल्या गावाला पत्ताही नसे की आपण आज रात्री 'उद्ध्वस्त' झालो.

आता आजच्या वैमानिकाच्या शेजारी बसू. सरावाच्या भाषेत बॉम्बविना मारलेल्या कोरड्या फेरीला 'ड्राय पास' म्हणतात. शस्त्रांचा मुख्य स्विच बंद किंवा 'सिम्युलेशन'वर. विमान लक्ष्याच्या बाजूनं, जमिनीपासून दीड हजार मीटरवर. वैमानिक खांद्यावरून खाली बघतो, लक्ष्य ओळखतो, विमान जवळजवळ उलटं करून नाक खाली ओढतो आणि तीस अंशांच्या उताराला लागतो. समोरच्या काचेवर हिरवी अक्षरं आणि रेघा तरंगत असतात. त्यांत एक बारीक ठिपका असतो, त्याला 'पिपर' म्हणतात. संगणक क्षणाक्षणाला सांगत असतो, की आत्ता सोडलास तर बॉम्ब या ठिपक्याखाली पडेल. ठिपका शेतं, झाडं, रस्ता ओलांडत लक्ष्याकडे रांगत येतो. वैमानिकानं त्याला ओढायचं नाही, येऊ द्यायचं. घाईनं दांडी हलवली की तो लक्ष्य ओलांडून पळतो.

उतार सेकंदाला शंभर मीटरचा आहे. हाती सात-आठ सेकंद. ठिपका लक्ष्यावर आला की अंगठ्यानं बटण, आणि लगेच दांडी पोटाकडे. विमान वर वळताना पाच पट वजन अंगावर येतं, सत्तर किलोचा माणूस साडेतीनशे किलोचा होतो, गालफडं ओघळतात, शिरस्त्राणाचं ओझं मानेला कळतं. दोन सेकंद उशीर झाला तर दोनशे मीटर उंची गेलेली असते. जमिनीवर आपटलेल्या किती विमानांची कथा एवढीच आहे, की वैमानिक ठिपक्यात इतका गुंतला की जमीन येते आहे हे विसरला. घारीला असं होत नसावं. तिला यंत्राचा ठिपका दिसत नाही, कोंबडीचं पिल्लू दिसतं.

संगणक नव्हता तेव्हा हेच काम जास्त कष्टाचं होतं. काचेवरची खूण एका जागी पक्की केलेली असे. अमुक वेग, अमुक उतार, अमुक उंची, हे तिन्ही एकाच क्षणी जुळले तरच ती खूण खरी. उतार ठरल्यापेक्षा कमी झाला की बॉम्ब अलीकडे, जास्त झाला की पलीकडे. वेग कमी पडला तरी अलीकडे. उंचीवरूनच घाईनं सोडला तरी अलीकडे. वर सांगितलेल्या उतारावर ७०० मीटर उंचीवरून सोडताना खूण एका अंशानं हुकली, तर जमिनीवर तीस-चाळीस मीटरचा फरक पडतो. बांबोळीवर गेलेल्या हंटरवाल्यांनी रॉकेटं मारली ती याच जातीच्या हिशेबानं.

ड्राय पासमध्ये बटण दाबल्यावर पंखाखालून काही सुटत नाही. पण यंत्र तो क्षण गोठवून ठेवतं. उंची, वेग, उतार, वारा, ठिपक्याची जागा, सगळं. त्यावरून काल्पनिक बॉम्बची वाट काढून तो कुठं पडला असता ते सांगतं. विमानं एकमेकांना आणि जमिनीला आपली जागा कळवत राहणारी उपकरणं बाळगतात. उतरल्यावर अख्खी लढाई पडद्यावर पुन्हा मांडता येते. अशी उपकरणं नव्हती तेव्हा अमेरिकनांनी रडारवर भिस्त ठेवली होती. विमान एक सूर प्रक्षेपित करत येई, 'बॉम्ब' सुटला की सूर तुटे, आणि जमिनीवरचं रडार त्या क्षणाच्या मार्गावरून गुण देई. १९६१ पासून त्यांनी ही रडारं आगगाडीच्या डब्यांवर चढवून गावोगाव हिंडवली, म्हणजे वैमानिकांना रोज नवं शहर मिळावं. कागद-पेन्सिलीच्या जागी डब्यांवरचं रडार, बाकी अंधाऱ्या खोलीतलीच कल्पना.

खरं शिक्षण होतं ते उतरल्यानंतर. हवेत दहा सेकंदांत झालेलं काम खोलीत अर्धा तास पाहिलं जातं. मास्तर चित्र थांबवतो, मागे घेतो, परत थांबवतो. इथं ठिपका पळाला. इथं तू उजवीकडे घसरलास. इथं उंचीची हाक वेळेवर दिली नाहीस. स्वतःच्या चुका स्वतःच्या आवाजात ऐकणं सोपं नसतं. मायक्रोफोन चालू असला तर श्वाससुद्धा ऐकू येतो.

खरा बॉम्बच टाकून का शिकवत नाहीत, असं कुणी विचारील. टाकतातही. अकरा किलोचे छोटे सरावबॉम्ब असतात, पडल्यावर नुसता धूर सोडतात. पोखरणसारख्या राखीव माळांवर खरा दारूगोळाही उडतो. पण लेझरनं मार्ग धरणाऱ्या एका बॉम्बची किंमत बघता तो शिकाऊ हातानं मातीत पुरणं परवडत नाही. आणि माळ कुठून आणायचे? आपल्याला सर्वांत जवळचं उदाहरण समुद्रातलं आहे. मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटावर नौदलानं वर्षानुवर्षं गोळाबाराचा सराव केला. त्या बेटाभोवती प्रवाळ आहे, समुद्री पक्ष्यांची आणि माशांची वस्ती आहे. जीवशास्त्रज्ञांनी त्यावर तक्रारी केल्या त्या रास्तच होत्या. शिवाय राखीव माळावरचं पांढरं वर्तुळ हे काही खरं लक्ष्य नव्हे, वर्षभरात ते पाठ होतं. कोरड्या सरावात कुठलाही पूल, कुठलाही फाटा लक्ष्य म्हणून घेता येतो, आणि रोज नवी जागा ओळखण्याची कसरत घडते.

जमिनीवरची नकली कॉकपिट हा दुसरा पर्याय. तिथं पैसा वाचतो, जीव धोक्यात पडत नाही. पण तिथं वजन पाच पट होत नाही, उन्हानं काच चमकत नाही आणि पोटात गोळा येत नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाला ठाऊक असतं की जमीन खोटी आहे.

कोरडा सराव म्हणजे सुरक्षित सराव असा मात्र अर्थ नाही. ३ नोव्हेंबर २००४ च्या रात्री अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये एक एफ-१६ विमान सरावाला निघालं होतं. वैमानिकाला लक्ष्यावर फक्त लेझरचा किरण टाकायचा होता. लेझरचा आणि तोफेचा घोडा एकच. घोडा दाबला आणि तोफ उडाली. गोळ्या एका शाळेच्या छपरातून आत गेल्या. रात्र होती म्हणून मुलं वाचली. आपल्याकडे २१ ऑगस्ट २०२४ ला पोखरणजवळ यांत्रिक बिघाडानं विमानाखालचं सामान नको तिथं सुटलं. एप्रिल २०२५ मध्ये मध्य प्रदेशात शिवपुरी भागात तसंच एक, स्फोटक नसलेलं, एका घरावर पडलं. हवाईदलानं त्याबद्दल खेद व्यक्त केला. मला या घटनांत न्यू जर्सीची घटना सर्वांत शिकवणारी वाटते. खऱ्या आणि खोट्या घोड्याला एकच बोट दिलं, तर बोटाला फरक कळणार कसा?

आणि उड्डाण तर खरंच असतं. हिंडलग्याला लागून गणेशपूर आहे. तिथले विंग कमांडर हनुमंतराव सारथी २८ जानेवारी २०२३ रोजी मध्य प्रदेशात मोरेनाजवळ मिराज-२००० आणि सुखोई-३० यांच्या अपघातात गेले. ग्वाल्हेरहून उडालेली ती विमानं नेहमीच्या सरावावर होती, एवढंच हवाईदलानं सांगितलं. त्यांना निरोप द्यायला इकडची गावं रस्त्यावर उभी होती. शांततेच्या काळातलं उड्डाण होतं ते.

कोरड्या सरावाची आणखी एक खोट आहे, ती कारगिलमध्ये दिसली. काल्पनिक बॉम्ब नेहमी हिशेबाच्या कोष्टकाप्रमाणेच पडतो. १९९९ च्या मे महिन्यात लक्ष्यं पाच किलोमीटर उंचीच्या शिखरांवर होती. तिथली हवा समुद्रसपाटीच्या साठ टक्केच दाट. कोष्टकं सपाट मुलखासाठी बांधलेली. बॉम्ब सांगितल्या जागी पडेनात. कड्यावर चार मीटर इकडे-तिकडे झालं की तो दरीतच जातो. त्या लढाईत पुन्हा १७ क्रमांकाचं स्क्वाड्रन होतं, सांबऱ्याहून बांबोळीवर गेलं होतं तेच. आता त्यांच्याकडे मिग-२१ होती. त्यांतल्या स्क्वाड्रन लीडर अजय आहुजांना २७ मे रोजी वीरमरण आलं. पुढे याच वैमानिकांनी हातात धरायचं जीपीएस यंत्र आणि स्टॉपवॉच घेऊन उंचावरून, रात्रीसुद्धा, बॉम्ब टाकले. अमुक बिंदूवरून घड्याळ सुरू करायचं, ठरलेले सेकंद मोजायचे, सोडायचं. अंधाऱ्या खोलीतला टक-टक करणारा ठोका ऐंशी वर्षांनी कॉकपिटमध्ये चढला होता. २४ जूनला मिराज विमानांनी टायगर हिलवर लेझरचा बॉम्ब टाकला तेव्हा नेमाची सूत्रं पुन्हा बदलली.

आता तर कित्येकदा नेम धरावाच लागत नाही. लक्ष्याचे अक्षांश-रेखांश आधीच भरून ठेवायचे, बॉम्ब आपला आपण जातो. चूक हातातून निघून आकड्यांत गेली. ६ मार्च २०२५ ला दक्षिण कोरियात सरावाच्या वेळी दोन विमानांनी आपल्याच पोचॉन भागातल्या वस्तीवर आठ खरे बॉम्ब टाकले. यंत्रात आकडे चुकीचे भरले होते. वैमानिकांचा हात अजिबात थरथरला नव्हता. बॉम्ब जिथं सांगितले तिथंच पडले.

म्हणूनच कदाचित शिकवताना अजूनही हातापासून सुरुवात करतात. आपल्या सीमाभागातल्या बीदरला हवाईदलाचा तळ आहे. २००८ पासून तिथं हॉक विमानांवर लढाऊ वैमानिक तयार होतात. हवाई कसरती करणारं सूर्यकिरण पथकही तिथलंच. हॉकमध्ये दोन जागा असतात. पुढे शिकाऊ, मागे मास्तर. परदेशातल्या नव्या हॉक विमानांत तर रडार आणि शस्त्रं दोन्ही नुसती संगणकात असतात, पंखाखाली काही नसतं, तरी समोरच्या काचेवर सगळं दिसतं, सुटतं, फुटतं.

हे सगळं मी परवा मामांना सांगत बसलो होतो. त्यांनी तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं. अंधाऱ्या खोलीचं त्यांना फार पटलं. कोरियाचं ऐकून त्यांनी नुसती मान हलवली. मग बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "म्हणजे त्येंचंबी नाणं पडतंय म्हण की."

"पडतं की मामा. पडद्यावर पडतं."

"आणि परत कोण ठेवतंय?"

मी बीदरच्या विमानातल्या मागच्या सीटबद्दल सांगितलं.

"मग बरं," ते म्हणाले आणि तंबाखू गालात धरून पाणी तापवायला आत गेले.